कोरियन मालिकेतला खाटकाचा मुलगा आणि विकासाचा धडा

परदेशी मालिका शाळेत दाखवाव्यात की नाही, यावर शिक्षकांच्या गटांत अधूनमधून वाद झडतो. आमच्या के. आर. पुरममध्ये या वादात फारसा दम उरलेला नाही. टिन फॅक्टरीच्या स्टॉपवर बसची वाट पाहणाऱ्या शाळकरी मुलींचं बोलणं ऐका. कानडी, तेलुगू, तमिळ, हिंदी, मधूनच लातूर-सोलापूरकडची मराठी, आणि या सगळ्यांत पेरलेले कोरियन शब्द. यांचे आईवडील बांधकामावर, नाहीतर व्हाइटफील्डच्या अपार्टमेंटमध्ये घरकामाला, कुणाचे ऑटोवर. घरातला टीव्ही मोठ्यांच्या ताब्यात, मोबाइलवर मात्र सोल. मालिका येऊन बसल्या आहेत. शाळेला तेवढा पत्ता नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की जगाचा 'विकास' शिकवताना या मालिकांचा उपयोग करायचा का, आणि केला तर कसा. माझं मत करावा असं आहे. पण वर्गाला सोलला नेताना परतीचं तिकीट त्याच तासात काढलेलं हवं. ते नसेल तर नेऊच नये.

आधी आपल्याकडे विकास कसा शिकवला जातो ते पाहू. एनसीईआरटीच्या दहावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात कित्येक वर्षं पहिला धडा विकासाचाच आहे. सुरुवातीला एक तक्ता येतो. भूमिहीन मजूर, पंजाबचा सधन शेतकरी, शहरातल्या श्रीमंत घरची मुलगी, नर्मदा खोऱ्यातला आदिवासी, अशा वेगवेगळ्या माणसांना काय हवंय याचा. भूमिहीन मजुराच्या रकान्यात कामाचे जास्त दिवस आणि बरी मजुरी तर आहेच, शिवाय सामाजिक भेदभाव नसावा आणि आपणही गावाचे पुढारी व्हावं, अशी इच्छाही आहे. धडा वाईट नाही. ज्याने तो तक्ता केला त्याला काहीतरी कळलेलं होतं. पण वर्गात काय होतं ते आपण सगळ्यांनी बाकावर बसून पाहिलंय. तक्ता पाच मिनिटांत संपतो आणि गाडी दरडोई उत्पन्नावर, मानव विकास निर्देशांकावर, केरळ-बिहारच्या तुलनेवर जाते, कारण परीक्षेत ते येतं. 'सामाजिक भेदभाव' हे शब्द वाचले जातात, त्यातली जात वाचली जात नाही. आणि ज्या मास्तरला ती वाचायची असते, त्याची अडचण वेगळीच असते. तो 'जात' म्हणाला की चाळीस माना वळतात आणि तीन-चार पोरांवर स्थिरावतात. ते पोर कोण होतं, हे या सदराच्या वाचकांना मी सांगायला नको.

म्हणूनच मला परदेशी मालिकेचं मोल वाटतं. ती त्या चाळीस माना काही वेळ पडद्याकडे वळवते.

'मिस्टर सनशाइन' ही २०१८ ची कोरियन मालिका घ्या. काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा आणि विसाव्याच्या सुरुवातीचा. जपान कोरिया गिळायला निघालाय. नायक युजीन हा गुलामांच्या पोटी जन्मलेला. धन्याच्या जुलमात आईबाप जीव गमावतात, पोरगा पळतो, अमेरिकेला पोचतो आणि मोठेपणी अमेरिकन सैन्याचा अधिकारी होऊन परत येतो. नायिका एशिन उमराव घराण्यातली, देश वाचवण्यासाठी बंदूक हातात घेतलेली. त्याचा जन्म कळल्यावर ती हादरते. तेव्हा तो तिला जे विचारतो त्याचा आशय असा : तू जो देश वाचवायला निघाली आहेस, त्यात राहणार कोण? त्यात खाटकाला जगता येईल का? गुलामाला जगता येईल का?

हा प्रसंग दाखवायला काही मिनिटं लागतात. त्यानंतर फळ्यावर 'देश' या शब्दाच्या जागी 'विकास' लिहायचं आणि तास सुरू करायचा. १९३१ मध्ये मुंबईत मणिभवनात बाबासाहेब गांधींना भेटले आणि मला मायभूमी नाही असं तोंडावर म्हणाले, तो प्रसंग याच्या शेजारी ठेवला की दहावीच्या मुलाला दोन्ही कळतात. नुसता दुसरा प्रसंग सांगितला असता तर अर्धा वर्ग बाबासाहेबांची बाजू तपासायला बसला असता आणि उरलेला गप्प झाला असता.

हे काही मी नवीन सांगत नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली. पुण्यात बसून, टीव्ही तर सोडाच, तारेच्या बातम्यांच्या जमान्यात. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईच्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते कुठून, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याचं दुःख आरशासारखं धरून आपला चेहरा पाहणं ही आपलीच रीत आहे. जोतीराव अमेरिकेबद्दल बोलून थांबले नाहीत, त्यांनी अर्पणपत्रिकेनंतर अख्खं पुस्तक इथल्या भटशाहीवर लिहिलं. परतीचं तिकीट म्हणते ते हेच.

आता मालिकेतल्या खोटीकडे येते, कारण मालिका म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे आणि तिच्यावर भाळून चालणार नाही.

'मिस्टर सनशाइन'मध्ये दुसरं एक पात्र आहे, गू दोंगमे. खाटकाचा मुलगा. कोरियात या समाजाला बेकजोंग म्हणत. जनावरं कापणं, कातडं कमावणं, टोपल्या विणणं ही कामं, राहायला वेगळी वस्ती, आणि लहानातल्या लहान उच्चकुलीन पोरानेही अरेतुरे करायचं. दोंगमे जपानला जातो आणि तिथल्या गुंडांच्या टोळीचा म्होरक्या होऊन परततो. दिसायला देखणा, तलवारीत तरबेज, पोरी त्याच्यावर फिदा. पण जरा थांबून पाहा. लेखिकेने अस्पृश्य पोराला परकीयांची टोळी दिली. देशासाठी लढणारी नायिका खानदानी, आणि खालचा माणूस शत्रूच्या पंगतीला. आपल्याकडे जोतीरावांना आणि बाबासाहेबांना इंग्रजधार्जिणे म्हणणारी जी जुनी टेप आहे, तिचीच ही कोरियन आवृत्ती. मालिका सुरू झाल्यावर या पात्रावरून कोरियातही गदारोळ झाला होता आणि निर्मात्यांना त्या जपानी संघटनेचं खरं नाव काढून काल्पनिक नाव घालावं लागलं होतं.

खऱ्या बेकजोंगांनी काय केलं? एप्रिल १९२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या जिन्जू या गावी त्यांनी 'ह्यंगप्यंगसा' नावाची संघटना काढली. नावाचा अर्थ तराजूशी जोडलेला आहे, दोन्ही पारडी समान करणाऱ्यांची संघटना. खाटकाच्या हातातलं रोजचं हत्यार सुरी आणि तराजू, त्यातला तराजू त्यांनी निवडला. कायद्याने जन्माचे भेद १८९४ मध्येच रद्द झाले होते, पण मुलांना शाळेत घेत नव्हते, आणि शाळेचा हा नकार चळवळीमागच्या प्रमुख कारणांपैकी एक होता. त्याच्या आदल्या वर्षी, ३ मार्च १९२२ ला, जपानमधल्या बुराकू समाजाने क्योतोमध्ये 'सुइहेइशा' स्थापन केली होती. त्यातही 'समपातळी' आहेच. आणि जिन्जूनंतर चार महिन्यांच्या आत, ऑगस्ट १९२३ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा. तोच ठराव पुढे महाडच्या चवदार तळ्यापर्यंत गेला.

क्योतो, जिन्जू, मुंबई. दीड वर्षाच्या आत. कुणी कुणाला पत्र लिहून ठरवलेलं नाही. जगाचा विकास शिकवायचा तर मला याहून चांगला नकाशा सुचत नाही, आणि हा नकाशा कुठल्याही मालिकेत सापडणार नाही. तो शिक्षकाने आणायचा.

'ज्वेल इन द पॅलेस' या गाजलेल्या मालिकेची गंमत आणखी निराळी. २००३ ची ही मालिका दूरदर्शननेही त्या दशकात हिंदीत दाखवली होती. सुरुवातीच्या भागांत छोटी जांगगुम बेकजोंग वस्तीत वाढते. पाटीवरचं ज्ञान वरच्यांच्या पोरांसाठी, म्हणून ती चोरून शाळेबाहेर उभी राहून ऐकते, आणि आई तिला त्यासाठीच झोडपते. आपल्यातल्या अनेकांच्या आजोबांची गोष्ट वाटावी. पण पुढे काय निघतं? बाप मुळात राजाच्या पहाऱ्यातला अधिकारी, आई राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली, दोघं लपण्यासाठी खाटीक म्हणून राहिलेली. म्हणजे नायिका आतून खानदानीच. चिखलात सापडलेला हिरा मुळात कुणाच्या तरी मुकुटातून पडलेला असतो, ही जगभरच्या गोष्टी सांगणाऱ्यांची आवडती पळवाट आहे. मुलांना हे दाखवून एकच विचारायचं : ती खरोखर खाटकाचीच मुलगी असती, तर लेखिकेने तिला राजवाड्यात जाऊ दिलं असतं का?

मी शनिवारी संध्याकाळी इथल्या दहा-बारा मुलांचा अभ्यास घेते. बेकजोंगांबद्दल बोलताना एका मुलाने विचारलं, "अक्का, तिकडे पण आडनावावरून कळायचं का?" या प्रश्नाला मी पूर्ण तास दिला आणि अजूनही तो पुरलेला नाही.

कोरियात खालच्या मानलेल्या पुष्कळांना आडनावच नसे. ते मिळालं तेव्हा अनेकांनी मोठ्या घराण्यांची आडनावं घेतली, आणि आज त्या देशात पाचांतला एक माणूस किम आहे. आडनावावरून आता काही कळत नाही. त्यातच १९५० च्या आसपासची जमीनसुधारणा, युद्ध, अर्ध्या देशाची घरादारासह पळापळ, यांत जुनी गावंच विस्कटली. बेकजोंग ही ओळख आज व्यवहारातून गेल्यासारखी आहे. मग मुलं लगेच म्हणतात, म्हणजे विकास झाला की जात जाते. इथेच जपानला बोलवावं लागतं. जपान तर आशियात सर्वांत आधी श्रीमंत झाला. तरी १९७५ मध्ये उघडकीला आलं की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या छापील याद्या विकल्या जात होत्या आणि मोठमोठ्या कंपन्या त्या विकत घेत होत्या, नोकरीला आलेल्या उमेदवाराचं मूळ गाव ताडून पाहायला. चेहरा तोच, भाषा तीच, आडनावही सांगत नाही, मग पत्ता विचारा. ज्यांनी बंगळूरमध्ये भाड्याचं घर शोधलंय त्यांना या याद्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. इकडे कर्नाटकात बऱ्याच लोकांच्या नावापुढे नुसती आद्याक्षरं असतात, म्हणून घरमालक 'नेटिव्ह कुठलं' असं विचारतो, मग गावात कुठली गल्ली, मग व्हेज की नॉनव्हेज. मराठी माणसाचं आडनाव त्याला उलगडत नाही, एवढीच काय ती आपली सोय, आणि तीही दुसऱ्या प्रश्नापर्यंतच टिकते.

एका तासात कोरिया, जपान आणि टिन फॅक्टरीजवळचा घरमालक. दरडोई उत्पन्नाचा तक्ता यानंतर दिला तर मुलं तो वेगळ्या डोळ्यांनी वाचतात. जमीन कुणाला मिळाली, असं विचारतात.

हे न करता नुसत्या मालिका दाखवल्या तर काय होईल, तेही सांगते. कोरिया, सिंगापूर या देशांची गोष्ट आपल्याकडे एकाच चालीत सांगितली जाते : गरीब होते, राबले, मोठे झाले. एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री असताना बंगळूरचं सिंगापूर करायचं स्वप्न घोषणेसारखं फिरत होतं. व्हाइटफील्डचं आयटी पार्क तर सिंगापूरच्याच भागीदारीतून उभं राहिलं. या चालीचा दुसरा अर्थ पोरांच्या कानात आपोआप शिरतो : आपण गरीब आहोत, म्हणजे आपले आईबाप राबले नाहीत. सकाळी सहाला झाडू घेऊन निघणाऱ्या पौरकार्मिक बाईच्या मुलीला हे ऐकवायचं? या शहराच्या सफाई कामगारांत मोठा भाग दलित बायकांचा आहे. त्या राबत नाहीत असं म्हणायची कुणाची छाती आहे?

'रिप्लाय १९८८' ही मालिका मुलांना अतोनात आवडते. सोलमधली एक गल्ली, पाच घरं, एकमेकांकडे वाट्या-भांडी घेऊन धावणारी पोरं. दोस्ताच्या कर्जाला जामीन राहून बसलेला बाप आणि त्यामुळे तळघरात राहणारं कुटुंब. जामीन राहणं म्हणजे काय, हे आमच्या मुलांना कोरियन मुलांपेक्षा आधी कळतं. थोरली मुलगी विद्यार्थी आंदोलनात, धाकटी ऑलिंपिकच्या संचलनात पाटी धरायच्या तयारीत. सगळं गोड आहे. पण त्याच १९८८ च्या ऑलिंपिकसाठी सोलमधल्या झोपड्या पाडून लाखो लोकांना हुसकावण्यात आलं, ते त्या गल्लीतून दिसत नाही. किम दोंग-वन या दिग्दर्शकाने त्याच वर्षी सांग्ये-दोंग वस्तीच्या पाडापाडीवर छोटा माहितीपट केला होता. मालिकेचा एक तुकडा आणि माहितीपटाचा एक तुकडा शेजारी ठेवायचा. मग आपल्या पूर्व बंगळूरला यायचं. जानेवारी २०२० मध्ये बेळ्ळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहारात स्थलांतरित मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या 'बांगलादेशी' म्हणून जमीनदोस्त झाल्या. त्यात उत्तर कर्नाटकातलीही माणसं होती, स्वतःच्याच राज्यात परदेशी ठरलेली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आमच्या मुलांतल्या काहींना ही जागा ठाऊक आहे, आणि कोरियाचा धडा त्यांच्यासाठी इथे सुरू होतो.

'स्क्विड गेम' शाळेत दाखवा, असं कुणी माझ्या तोंडी घालू नये. ती मोठ्यांसाठीची मालिका आहे. मुलांनी ती चोरून पाहिलीच आहे, ते वेगळं.

कुणी म्हणेल, मालिकेवर एवढा भरवसा कशाला. भरवसा नाहीच. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना टीव्हीने विकास शिकवण्याचा प्रयोग झाला, त्यात गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे जिल्हेही होते. संच सार्वजनिक जागी ठेवले होते. गावातली कुठली जागा सर्वांची असते, हा प्रश्न उपग्रहाच्या कक्षेबाहेरचा. पुढे १९८४ मध्ये 'हम लोग' आली. तिची पद्धत मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांच्या मालिकांवरून घेतलेली : एक पात्र चांगलं वागणारं, एक वाईट, एक अधलंमधलं, आणि प्रेक्षकाने धडा घ्यायचा. सोसणारी आई भागवंती ही 'असं वागू नये' याचा नमुना म्हणून लिहिली होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी अभ्यास केला तेव्हा कितीतरी प्रेक्षकांना तीच आदर्श वाटलेली निघाली. लिहिणाऱ्याने एक पेरलं, उगवलं भलतंच. पडद्यासमोर बोलणारं कुणी नसलं की असं होतं.

आणि उलटही होतं. २०२० च्या जुलैपासून झी कन्नडवर 'महानायक' सुरू झाली, बाबासाहेबांवरच्या हिंदी मालिकेचं डबिंग. ज्या कन्नड पडद्याने कित्येक दशकं डबिंगला दार बंद ठेवलं, त्यावर बाहेरून आलेली ही मालिका गावोगावच्या पोरांनी आपली केली. वस्तीच्या तोंडाशी मालिकेचे फ्लेक्स लागले, आणि वाहिनीच्या प्रमुखाला धमक्याही आल्या. त्या फ्लेक्सखाली उभं राहून लोक जे बोलत होते, तो खरा वर्ग होता. कुठल्याही शिक्षण खात्याने तो भरवला नव्हता.

आता तुमच्याकडे वळते. या सदराचे बहुतेक वाचक घरातले पहिले पदवीधर. तुमच्यापैकी पुष्कळजण सुट्टीच्या दिवशी कुठे ना कुठे मुलांना शिकवता, हे मला माहीत आहे. वर्गात दाखवायला पूर्ण भाग लागत नाही, सात-आठ मिनिटांचा तुकडा पुरे. शाळेत शिकवताना केवळ विद्यार्थी-शिक्षकांपुरतं दाखवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, तेव्हा मुख्याध्यापकांनी भीती घातली तर कलम दाखवा. अडचण आहे ती तुकड्यासोबत द्यायच्या टिपणाची. जिन्जूच्या संघटनेवर, क्योतोच्या जाहीरनाम्यावर, सांग्ये-दोंगवर दहावीच्या मुलाला झेपेल असं मराठीत आणि कानडीत फारसं काही हाताशी नाही. प्रत्येकी दोन पानं पुरतील. मी जिन्जूचं मराठी टिपण लिहायला घेतलंय. कानडी ज्यांची पक्की आहे त्यांनी बुराकूंच्या पत्त्यांच्या याद्यांचं घ्यावं. त्यावर मुलं सर्वांत जास्त प्रश्न विचारतात.